जर्मनाची बायको

माझ्या संसारात एक जर्मन होता. तो मेलेला होता, शिकारी होता आणि त्याच्यावरून मी नवऱ्याला जेवढे टोमणे मारले तेवढे सासूवरूनसुद्धा मारले नसतील. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तरी कोणाला ओळख पटणार नाही. त्याच्या देशातही तो आता कोणाला ठाऊक नसावा. पहिल्या महायुद्धाच्या आधी कधीतरी तो निजामाच्या मुलखात आला, कन्नड गावाच्या पुढे गौताळ्याच्या रानात तंबू ठोकून वाघ-बिबटे मारत राहिला आणि मायदेशी गेल्यावर त्याने त्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाची एक प्रत आमच्या घरात होती. अजून आहे.

पोलीस ॲक्शन होऊन गेली आणि इकडच्या शाळांना मराठी शिकवणारे मास्तर हवे झाले. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. यांनी साताऱ्याहून अर्ज केला, नेमणूक झाली आणि एके दिवशी बाहेरून आल्यावर टोपी खुंटीला लावत म्हणाले, "सामान बांधायला घे. औरंगाबादला जायचंय." मला विचारलं नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती. माझे सासरे तर सासूबाईंशी थेट बोलतसुद्धा नसत. भूक लागली की भिंतीकडे बघून म्हणायचे, "आज कोणी लवकर पानं घेतली तर बरं होईल." सासूबाई भिंतीलाच उत्तर द्यायच्या, "भात शिजतोय म्हणावं." जन्मभर त्यांचा संसार त्या भिंतीच्या मध्यस्थीने चालला. यांनी शिकूनसवरून भिंत सोडली होती, हे माझ्याकडे बघून बोलायचे. पण बोलायचे ते पिशवी, छत्री आणि विरजण एवढ्याबद्दलच. मनातलं काही विचारायचं असतं हे यांच्या गावीही नाही, अशी माझी खात्री होती.

मनमाडला गाडी बदलली. लासूर स्टेशनला ती बराच वेळ उभी राहिली आणि खिडकीशी आलेला पेरूवाला जे काही बोलत होता त्यातलं मला अक्षर कळेना. मी कृष्णाकाठची. घराच्या पायऱ्या उतरल्या की नदी. इथे उतरले ते उन्हाने पांढऱ्या पडलेल्या गावात. पाणचक्कीजवळ दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं, पुढे एवढंसं अंगण. हे सकाळी शाळेत गेले की मी आणि चार भिंती. पाट्या उर्दूत, बाजारात भाव विचारायचा तरी उर्दूत. मी बोटाने वस्तू दाखवायची आणि देतील ते घेऊन यायची. पहिल्या वर्षी तर मी दुपारी कढईशी बोलायची.

शेजारच्या आपा नसत्या तर मी पळून गेले असते. त्यांचे यजमान हिमरू शाली विणायच्या मागावर कामाला होते. त्यांचे दोन्ही भाऊ गडबडीच्या दिवसांत कराचीला निघून गेले होते आणि त्यांच्या घरातही दुपारी तशीच शांतता असायची. भिंतीवरून डोकावून म्हणायच्या, "बाई, अकेली कायकू बैठती? इधर आव." मग आम्ही दोघी शेजारी बसून आपापल्या भाषेत बोलायचो. कळायचं निम्मं. पण माणसाच्या आवाजाने बरं वाटायचं.

एकदा यांना मी शहागंजात भाजीला पाठवलं. हे परत आले ते पिशवीत एकच वस्तू घेऊन. कुठल्याशा नवाबाच्या देवडीतली, म्हणजे वाड्यातली, पुस्तकं रद्दीत निघाली होती, त्यातलं हे जर्मन पुस्तक. यांनी पुण्याला कॉलेजात जर्मन घेतली होती, ती या गावात कोणाशी बोलणार? काटेरी अक्षरं, वाळवीने कुरतडलेला पुठ्ठा आणि मध्येमध्ये गुळगुळीत कागदावर फोटो. प्रत्येक फोटोत तोच दाढीवाला माणूस मेलेल्या जनावराशेजारी बंदूक टेकून उभा.

"आणि भाजी?" मी विचारलं.

"अगं, यात आपल्या इकडची रानं आहेत," हे म्हणाले. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हे उंबऱ्यावर कंदील घेऊन बसायचे, स्वतःशी वाचायचे आणि मला मराठीत सांगायचे. लिहून काही काढलं नाही, सगळं तोंडी. मी आत तांदूळ निवडत ऐकायची. सुरुवातीला नुसता हाका, मचाण, बांधलेला रेडा, गोळी कुठे लागली. मला जांभया यायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "वाघ पुरे झाले. याचं स्वयंपाकपाणी कोण बघतं?"

"खानसामा आहे."

"आणि बायको?"

यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. पानाकडे बघत बसले. मग म्हणाले, "आहे ना. बायको आहे."

"मग इतके दिवस कुठे होती?"

"आता येतेय," हे म्हणाले.

आणि ती आली. खरं सांगते, त्या पुस्तकात मला रस वाटला तो तिच्यामुळे. तिचंही गाव नदीकाठचं होतं. तिलाही इथली भाषा येत नव्हती. कन्नडच्या बाजारात ती बोटाने वांगी दाखवायची आणि लोक हसायचे, हे ऐकून मी तांदूळ तसेच ठेवून उंबऱ्याशी येऊन बसले. तिकडचं कसलंसं फुलझाड तिने बिस्किटाच्या डब्यात लावलं होतं आणि मुक्काम हलला की तो डबा बैलगाडीत स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायची. मी माहेराहून आणलेलं कागदी लिंबाचं रोप तेव्हा रॉकेलच्या डब्यात होतं. बायका सगळीकडे सारख्याच, असं मी मनात म्हटलं.

"हिचा एकही फोटो कसा नाही?" मी एकदा विचारलं.

"फोटो तीच काढते," हे म्हणाले.

मला ते इतकं पटलं की मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. म्हणजे हा दाढीवाला प्रत्येक फोटोत वाघाकडे बघत नव्हता, बायकोकडे बघत होता. एका फोटोत तंबूच्या दाराशी काहीतरी काळपट पडलेलं होतं. ती तिची वळकटी असणार, असं मी ठरवून टाकलं. उरलेल्या पानांतली अक्षरं मला नुसती काटेकुटे दिसायची, म्हणून मी पुस्तक बंद करून यांच्या हाती द्यायची.

त्या जर्मनाला बायकोचं भारी कौतुक. शिकारीहून आला की आधी तिला विचारायचा, दिवस कसा गेला? ती रानाला कंटाळली तर हा मुद्दाम ओढ्याकाठी तंबू हलवायचा, वाघ तिथे नसला तरी. हे ऐकलं की माझ्या जिभेला धार यायची. "बघा," मी म्हणायची, "साहेब असून बायकोला विचारतो. शिका काहीतरी." हे मान खाली घालून पान उलटायचे. मला त्या बाईचा हेवा वाटायचा. खरोखरीचा, पोटात दुखेल असा.

पुढे माझं पोटातलं मूल गेलं. आपांनी केलं सगळं माझं. यांनी शाळेतून रजा काढली आणि उंबऱ्यावर बसून राहिले, माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, दगड आहे हा माणूस. संध्याकाळी मात्र पुस्तक उघडलं. त्या भागात जर्मनाची बायको आजारी होती. त्याने बंदूक भिंतीला, म्हणजे तंबूच्या खांबाला, टेकवून ठेवली होती. हाकेवाले येऊन बसले, वाघाची खबर घेऊन आले, हा उठला नाही. ती झोपली की तिच्या श्वासाकडे कान लावून बसायचा. तिला काय म्हणावं ते त्याला सुचत नव्हतं. "असं लिहिलंय त्याने?" मी अंथरुणातून विचारलं. "लिहिलंय," हे म्हणाले. मी भिंतीकडे तोंड करून रडले. "चांगला माणूस होता हो," मी म्हटलं, आणि तेव्हा मला त्या जर्मनाचा जेवढा आधार वाटला तेवढा कोणाचाच वाटला नाही.

मूल पुन्हा झालं नाही. लिंबू डब्यातून अंगणात आलं, आपांच्या भिंतीवर गेलं. मला उर्दू बोलता यायला लागलं, म्हणजे आपा हसायच्या इतपत. पुढे मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि शाळेतल्या सातारा-पुण्याकडच्या मास्तरांना गावाकडे बदली मिळायची वाट मोकळी झाली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या घरी तेव्हा पुस्तक संपत आलं होतं. हे फार हळू सांगत, मध्येच काही महिने बंद ठेवत, मागचं पुन्हा सांगत. त्या एका पुस्तकावर आमच्या कितीतरी संध्याकाळी निघाल्या. शेवटच्या भागात जर्मनाला त्याच्या देशातून बोलावणं आलं. तिकडे चांगलं काम होतं, तिचं नदीकाठचं गाव जवळ होतं. पण त्याचा इथे जीव रमला होता. त्याने बायकोला विचारलं, जायचं की राहायचं?

"काय म्हणाली ती?" मी विचारलं. मी तेव्हा वाती वळत होते.

"ते पान फाटलंय," हे म्हणाले. "तुला काय वाटतं? काय म्हणाली असेल?"

"राहू म्हणाली असेल," मी म्हटलं. "माणसं जोडलीत, झाडं लावलीत. आता कुठे जाऊन पुन्हा चूल मांडायची तिने?"

"नदीची आठवण येत असेल ना तिला?"

"येत असेल. म्हणून काय नदीत जाऊन राहायचं? आणि मला काय विचारताय, मी का जर्मन आहे?"

हे हसले. इतकं मोकळं हसताना मी यांना क्वचितच पाहिलं. पुस्तक मिटून कपाटात ठेवलं आणि पुन्हा कधी काढलं नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आपांकडून मला कळलं. त्यांना वाटलं मला माहीत आहे. "मास्तर सातारे की बदली छोड दिये ना, अच्छा किये. तुम गये तो मैं किससे बात करती?" मी तशीच घरी आले आणि यांच्यापुढे उभी राहिले. साताऱ्याची बदली, माझं माहेर तासा-दीड तासावर, आणि यांनी नाही म्हणून कळवून टाकलं होतं.

"मला विचारलं का नाही?"

"मला वाटलं, तुला इथेच राहायचंय."

"कोणी सांगितलं तुम्हाला? मी सांगितलं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि छत्री घेऊन बाहेर गेले. बाहेर ऊन-पाऊस काही नव्हतं. ही गोष्ट मी सोडली नाही. पुढच्याच वर्षी आईच्या आजाराची तार आली आणि आई गेली तेव्हा मी मनमाडच्या फलाटावर ट्रंकेवर बसून पुढच्या गाडीची वाट बघत होते. मग तर मी यांना जन्मभर ऐकवलं. भाजीत मीठ जास्त पडलं आणि हे बोलले तर मी म्हणायची, "मला कुठे कोण विचारतं!" त्या वाक्यापुढे हे गप्प व्हायचे. ते वाक्य मी इतकं वापरलं की गुळगुळीत झालं होतं, तरी बोचायचं.

हे गेले. मग आपाही गेल्या. घरात पुन्हा मी आणि चार भिंती, आणि या वेळी भिंतीवरून डोकावणारंही कोणी नाही. साताऱ्याच्या भाच्याने तगादा लावला, "मामी, आता इकडे या. एकट्या काय करता तिथे?" त्याचं बरोबरच होतं. मी सामान आवरायला काढलं. भांडी वाटली, पलंग कोणाला द्यायचा ते ठरवलं, आणि कपाटातून जर्मन बाहेर आला.

आपांची नात वेरूळला गाईड आहे. जर्मन पाहुण्यांना लेणी दाखवते. ती भाषा ती इथेच शिकली. मी तिला म्हटलं, "जायच्या आधी मला यातलं एक पान वाचून दाखव. जर्मनाची बायको आजारी पडते ते." मला यांच्या आवाजातलं ते ऐकून फार वर्षं झाली होती. आता कोणाच्याही आवाजात चाललं असतं.

ती अंगणात लिंबाखाली बसली. पानं उलटत राहिली. "आजी, लई जुनी छपाई हाय. मला घरी नेऊ द्या."

काही दिवसांनी पुस्तक घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा अवघडलेला होता. "आजी, यात बायको नायच. कुठंच नाय. हा माणूस एकटाच फिरत हुता."

"नीट बघितलंस का? ती फोटो काढते."

"फोटो त्याचा नोकर काढायचा, तसं लिहिलंय." तिने पुस्तक उघडलं. "बायको नाय, कुत्री हुती. आखूड पायांची, लांबोडी. तिकडून संगं आणलेली. लई जीव त्याचा तिच्यावर." तिने तो फोटो काढला आणि तंबूच्या दाराशी पडलेल्या वळकटीवर बोट ठेवलं. वळकटीला कान होते.

मी हसत सुटले. इतकी हसले की ती घाबरली. पाणी आणून दिलं. मग मी तिला एकेक विचारू लागले. तंबूच्या दाराशी वाट बघत बसायची, ती कोण? कुत्री. तो आल्याशिवाय जेवायची नाही, ती? कुत्रीच. बरोबर आहे, मी यांच्यासाठी कधीच उपाशी राहिले नाही, मला भूक सहन होत नाही. बाजारात बोटाने वांगी दाखवायची ती? "आसं कायबी नाय, आजी." बिस्किटाच्या डब्यातलं झाड? नाही. नदीकाठचं गाव? नाही. दिवस कसा गेला म्हणून विचारणं? नाही.

"आणि आजारपण? बंदूक टेकवून बसला ते?"

"नाय. निम्म्यातच त्या कुत्रीला बिबट्यानं उचललं. लिहिलंय, त्या दिवशी एकट्यानं जेवलो. बस, तेवढंच. पुढं सगळ्या पुस्तकात नुसती शिकार."

माझ्या नवऱ्याने ते मला कधी कळू दिलं नाही. जर्मन त्या रानात एकटा जेवत राहिला आणि आमच्या उंबऱ्यावर त्याची बायको शेवटपर्यंत जिवंत राहिली. मी जिचा हेवा केला ती बाई तांदूळ निवडत बसली होती.

"शेवट काय आहे?" मी विचारलं. मला आता विचारायची भीती वाटत होती.

"कातड्यांना मीठ लावलं, पेटीत भरलं, झालं."

"त्याला घरून बोलावणं येतं ना? जायचं की राहायचं म्हणून विचारतो. ते पान फाटलंय."

तिने पुस्तक मांडीवर घेतलं आणि शेवटची पानं एकेक करून बोटाने उलटली. मग आकडे बघत पहिल्यापासून उलटली. "आजी, येकबी पान फाटलेलं नाय."

ती गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मेल्या माणसाशी भांडता येत नाही याचा राग. त्या दिवशी छत्री घेऊन बाहेर जाण्याऐवजी एकदा तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? सासऱ्यांना भिंत होती, यांनी जर्मन शोधला. पण सरळ विचारलं असतं तर मीही सरळ बोलले नसते. "तुम्ही म्हणाल तसं," म्हटलं असतं, त्या काळात सगळ्या म्हणायच्या तसं, आणि रात्रभर आईच्या नावाने रडले असते. त्या दुसऱ्या बाईचं म्हणून विचारलं, तेव्हा वाती वळता वळता मी मनातलं बोलून गेले. आणि यांनी ते ऐकलं, आणि तसंच केलं, आणि माझं सगळं बोलणं पुढे खाऊन घेतलं. हे आठवलं आणि मी पदर तोंडात कोंबून रडले. घरात ऐकायला कोणी नव्हतं तरी.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. त्याने गाडीची सोय केली होती.

"मामी, निघायचं ना मग?"

"नाही रे. मी इथंच राहते."

"अहो, पण तुम्हाला तिथे ठेवून घेतलं मामांनी, तुम्हाला कुठे विचारलं होतं? तुम्हीच तर म्हणायचात."

"विचारलं होतं," मी म्हटलं. "तुझ्या मामांनी मला विचारलं होतं."